गाभण कुत्री आणि तान्ह्या पिल्लांना जंताचे औषध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुत्रे पाळण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. कोणाकडे घरात वाढलेली लॅब्रेडॉर असते, कोणाकडे मळ्याची राखण करणारी गावठी कुत्री, तर कोणाचा कुत्रा वर्षातील आठ महिने मेंढ्यांच्या कळपाबरोबर फिरत असतो. कुत्री व्याली की प्रश्न मात्र सर्वांकडून जवळपास तेच येतात आणि बहुतेक वेळा ते दोन-तीन आठवडे उशिरा येतात. खाली दिलेल्या मात्रा समज येण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष औषध, त्याची तीव्रता आणि दिवस हे आपल्या पशुवैद्यकांनी कुत्रीला तपासून ठरवायचे आहेत.

पिल्लू अजून जमिनीवर नीट चाललेलेही नाही, मातीत तोंड घातलेले नाही. मग त्याच्या पोटात जंत येतात कुठून?

ते आईकडून येतात आणि बहुतांश वेळा जन्माआधीच येतात. कुत्र्यांमधील मोठ्या गोल जंताला टॉक्सोकॅरा कॅनिस असे नाव आहे. कुत्री लहान असताना, किंवा पुढे केव्हाही, या जंताची अंडी तिच्या पोटात गेली, तर त्यातून निघालेल्या अळ्यांपैकी पुष्कळशा आतड्यात मोठ्या न होता स्नायूंत आणि इतर अवयवांत जाऊन सुप्तावस्थेत पडून राहतात. तेथे त्या वर्षानुवर्षे राहू शकतात. त्या काळात कुत्री ठणठणीत दिसते, तिच्या विष्ठेत अंडी सापडत नाहीत, आणि नेहमीच्या जंताच्या गोळीचा या दडून बसलेल्या अळ्यांवर फारसा परिणामही होत नाही.

गाभण राहिल्यानंतर साधारण ४२ व्या दिवसापासून, म्हणजे गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, या अळ्या पुन्हा जाग्या होतात आणि वारेतून थेट गर्भात शिरतात. पिल्लू जन्मते तेव्हा त्या त्याच्या यकृतात व फुप्फुसांत असतात. तेथून श्वासनलिकेवाटे घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात पोहोचून मोठ्या होतात. पिल्लू तीन आठवड्यांचे होईपर्यंत त्याच्या पोटात अंडी घालणारी मादी जंत तयार झालेली असू शकते. याखेरीज काही अळ्या आईच्या दुधातूनही जातात. अंकुशकृमी (हुकवर्म) हा दुसरा, अधिक घातक, रक्त पिणारा जंत; तो मुख्यतः दुधातूनच पिल्लांकडे येतो.

म्हणून ‘आमची कुत्री कधी बाहेर जातच नाही’ हे उत्तर येथे उपयोगाचे नाही. ती स्वतः पिल्लू असताना कोठून आली, तिच्या आईला औषध दिले होते का, याचा हिशेब आज तिच्या पिल्लांच्या पोटात निघत असतो.

गाभण कुत्रीला जंताचे औषध दिले तर गर्भ पडतो, असे सांगतात. हे खरे आहे का?

औषध कोणते यावर ते अवलंबून आहे. या भीतीपायी सर्वच औषधे टाळणे जितके चुकीचे आहे, तितकेच ‘जंताची गोळी ती, कोणतीही चालते’ असे मानणेही धोक्याचे आहे.

फेनबेंडाझोल हे औषध गाभण कुत्र्यांमध्ये दीर्घकाळ वापरात आहे आणि गर्भात जाणाऱ्या अळ्या रोखण्यासाठी ज्या औषधाचा अनुभव सर्वाधिक आहे ते हेच. पायरँटेल आतड्यातून फारसे शोषले जात नाही. ते आतड्यातील गोल जंत आणि अंकुशकृमी यांवर काम करते व गाभण कुत्रीला ते सहसा सुरक्षित मानले जाते. चपट्या जंतांसाठीचे प्राझिक्वँटेलही गरज असल्यास देता येते.

गोंधळ होतो तो जोडगोळीमुळे. औषधाच्या दुकानात कुत्र्यांसाठी सर्वाधिक खपणाऱ्या गोळ्यांत प्राझिक्वँटेल, पायरँटेल आणि फेबँटेल ही तीन औषधे एकत्र असतात, आणि त्यांतील फेबँटेल गर्भारपणाच्या पहिल्या दोन-तृतीयांश काळात द्यायचे नसते, कारण मोठ्या मात्रेत दिल्यावर मेंढ्या व उंदीर यांच्या गर्भात व्यंगे आढळलेली आहेत. काही देशांतील याच गोळीच्या माहितीपत्रकात तर गाभण कुत्रीला ती देऊच नये असे छापलेले असते. माझे मत विचाराल तर गाभण कुत्रीसाठी ही गोळी स्वतःच्या मनाने आणूच नये. वेष्टनावर कुत्र्याचे चित्र आहे, एवढ्यावरून ती गाभणपणात चालते असे ठरत नाही.

अल्बेंडाझोल मात्र स्पष्टपणे टाळायचे आहे. त्यामुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते आणि कुत्र्यांत अस्थिमज्जेवरही त्याचा दुष्परिणाम होतो. शाळेत मुलांना जंतनाशक दिनी मिळणारी गोळी हीच असते, त्यामुळे ती घरात पडलेली असते आणि ‘लेकरांना चालते तर कुत्रीला का नाही’ असा विचार सहज केला जातो.

मग गाभण कुत्रीला औषध नेमके केव्हा सुरू करायचे आणि किती दिवस द्यायचे?

पहिली संधी गाभण राहण्याआधीच असते. कुत्री माजावर येण्याच्या सुमारास तिचे वजन करून नेहमीचे जंतनाशक देऊन टाकावे. तेव्हा औषधाच्या निवडीवर बंधने कमी असतात आणि आतड्यातील जंत तरी निघून जातात. स्नायूंतल्या अळ्या मात्र याने जात नाहीत.

त्या अळ्यांसाठी रूढ पद्धत अशी आहे की, गर्भारपणाच्या ४० व्या दिवसापासून ते व्याल्यानंतर दोन दिवसांपर्यंत फेनबेंडाझोल रोज, किलोमागे २५ मिलिग्रॅम या प्रमाणात, अन्नाबरोबर द्यायचे. काही पशुवैद्यक किलोमागे ५० मिलिग्रॅम घेतात आणि व्याल्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत चालू ठेवतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. आपल्या कुत्रीसाठी कोणती, हे तिची प्रकृती आणि मागच्या वेताचा अनुभव पाहून ठरते. मागच्या वेतात पिल्ले दगावली असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. काही डॉक्टर रोजच्या गोळीऐवजी मानेवर सोडायचे सेलामेक्टिनसारखे औषध ठरावीक तारखांना वापरतात.

उदाहरण घेऊ. कुत्रीचे मिलन १ नोव्हेंबरला झाले आणि तिचे वजन १८ किलो आहे. तिचा चाळिसावा दिवस ११ डिसेंबरला येतो. किलोमागे २५ मिलिग्रॅम धरल्यास रोजची मात्रा ४५० मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. व्यायचा अंदाज ६३ दिवसांनी, ३ जानेवारीच्या आसपास, परंतु चार-पाच दिवस इकडेतिकडे होऊ शकते. एकूण सुमारे पाऊणशे गोळ्या लागतात. हा आकडा ऐकून बरेच जण दचकतात आणि ‘एकच जोरदार डोस देऊन टाका’ असा आग्रह धरतात. पण अळ्या एकाच दिवशी जाग्या होत नाहीत. त्या तीन आठवडे थोड्याथोड्या निघत राहतात, म्हणून औषधही तेवढे दिवस रक्तात असावे लागते. गर्भारपणात मध्येच दिलेल्या एका गोळीने हे काम होत नाही.

मिलनाची तारीख ठाऊक नसेल, आणि मळ्यातल्या मोकळ्या कुत्रीच्या बाबतीत ती क्वचितच ठाऊक असते, तर डॉक्टर सोनोग्राफीने किंवा पंचेचाळीस दिवसांनंतर क्ष-किरणाने अंदाज बांधू शकतात. तेही जमले नाही, तर गाभणपणातला उपचार सोडून द्यावा आणि पिल्लांचे वेळापत्रक मात्र एका दिवसानेही चुकवू नये. खरे तर हा उपचार पूर्ण झाला तरी पिल्लांतील जंत कमी होतात, शून्य होत नाहीत. आईला औषध दिलेले असो वा नसो, पिल्लांना ते लागतेच.

पिल्लांना पहिले औषध कितव्या दिवशी?

चौदाव्या दिवशी. त्यानंतर दर पंधरवड्याने: दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा आठवडा. पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा, आणि नंतर साधारण तीन महिन्यांतून एकदा. वरच्या उदाहरणातील पिल्ले ३ जानेवारीला जन्मली तर त्यांच्या तारखा १७ जानेवारी, ३१ जानेवारी, १४ फेब्रुवारी आणि २८ फेब्रुवारी अशा येतात. त्या जन्माच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा आहे की पिल्लू दीड महिन्याचे झाले, लस टोचायला नेले, की त्याच वेळी जंताचेही पाहू. तोपर्यंत ४५ दिवस उलटलेले असतात, जंत अंडी घालू लागून तीन आठवडे होऊन गेलेले असतात आणि ज्या गोणपाटावर पिल्ले झोपतात ते अंड्यांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी डोळे नुकतेच उघडलेल्या पिल्लाला औषध देताना हात कचरतो हे खरे, पण या वयासाठीचे पायरँटेलचे द्रावण योग्य मात्रेत दिल्यास सुरक्षित असते.

दर पंधरा दिवसांनी पुन्हा का, असाही प्रश्न येतो. औषध त्या दिवशी आतड्यात असलेल्या जंतांना मारते. यकृतातून-फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्या त्यातून सुटतात आणि नंतर आतड्यात उतरतात. शिवाय दुधातून भर पडतच असते. सुटलेल्या अळ्या वाढून अंडी घालू लागण्याच्या आत पुढचा डोस पोहोचला पाहिजे, म्हणून पंधरवडा.

त्या दिवशी आईलाही औषध द्यायचे का?

होय, पिल्लांच्या प्रत्येक तारखेला आईलाही. कुत्री पिल्लांना चाटून स्वच्छ करते, त्यांची विष्ठा खाते, आणि त्यातून जंत तिच्या पोटात पुन्हा जातात. अंगावर पाजण्याच्या दिवसांत तिची प्रतिकारशक्तीही उतरलेली असते. पिल्लांना औषध आणि आईला नाही, असे केल्यास अर्धेच काम होते.

पिल्लाचे वजन कसे करावे आणि डोस कसा मोजावा?

अंदाजाने डोस देणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. माणसांच्या वजनकाट्यावर पिल्लू कडेवर घेऊन उभे राहणे आणि वजाबाकी करणे हे मोठ्या पिल्लाला ठीक, पण सहाशे-सातशे ग्रॅमच्या जिवाला तो काटा निरुपयोगी आहे. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. नसेल तर किराणा दुकानदार पाच मिनिटे त्याचा काटा वापरू देतो. काट्यावर प्लॅस्टिकचा खोलगट डबा ठेवून, त्यात जुना रुमाल पसरून, आकडा शून्यावर आणावा आणि मग पिल्लू ठेवावे. ते वळवळते, आकडा नाचतो. क्षणभर हात डब्याच्या कडेला न टेकवता त्याच्या डोळ्यांवर सावली धरली की बहुधा स्थिर होते. सारख्या रंगाची पिल्ले असतील तर प्रत्येकाच्या वेगळ्या पायाच्या नखाला नेलपॉलिशचा ठिपका लावावा, म्हणजे एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, असे होत नाही. वजन प्रत्येक तारखेला नव्याने करावे. चांगले दूध मिळणारे पिल्लू पंधरवड्यात दुपटीच्या आसपास जाते, त्यामुळे मागचा डोस या वेळी अपुरा पडतो.

आता मात्रा. पिल्लांच्या एका प्रचलित द्रावणात प्रत्येक मिलिलिटरमध्ये १५ मिलिग्रॅम फेबँटेल आणि १४.४ मिलिग्रॅम पायरँटेल एम्बोनेट असते, आणि त्याचा डोस किलोमागे एक मिलिलिटर असतो. ६५० ग्रॅमच्या पिल्लाला ०.६५ मिलिलिटर. हे चमच्याने मोजता येत नाही. एक मिलिलिटरची, सुई काढून टाकलेली सिरिंज घ्यावी. औषधाच्या दुकानात ती काही रुपयांत मिळते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलांसाठीचे पायरँटेलचे द्रावणही बाजारात असते आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम पायरँटेल असते. वर सांगितलेल्या पिल्लांच्या द्रावणातील १४.४ मिलिग्रॅम एम्बोनेट म्हणजे पायरँटेल ५ मिलिग्रॅमच. नाव एक, बाटली तशीच, आणि तीव्रता दहापट. ‘किलोला एक मिली’ एवढेच लक्षात ठेवून कोणी दुसरी बाटली उचलली, तर पिल्लाला दहापट औषध जाते. म्हणून डॉक्टरांना विचारताना बाटली समोर धरूनच विचारावे आणि त्यांचे उत्तर बाटलीवर पेनाने लिहून ठेवावे.

औषध पाजायचे कसे?

बाटली जोरात हलवून घ्यावी, कारण औषध तळाशी बसते. पिल्लाला उताणे धरू नये. मांडीवर पोटावर बसवून मान किंचित वर करावी, सिरिंजचे टोक ओठाच्या कोपऱ्यातून गालाच्या आतल्या पोकळीत ठेवावे आणि थेंबथेंब सोडावे, ते गिळते आहे हे पाहत. घाई केली तर द्रावण श्वासनलिकेत जाते आणि त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. उपाशी ठेवण्याची गरज नाही. तान्ह्या पिल्लाला उपाशी ठेवणेच धोक्याचे आहे. औषध देताच सगळे उलटून टाकले तर लगेच दुसरा डोस न देता डॉक्टरांना विचारावे.

औषध दिल्यावर शीमधून आणि उलटीतून जंत पडले. काही बिघडले का?

नाही, औषधाने काम केले. गोल जंत पांढरे-पिवळसर, उकडलेल्या शेवयांसारखे दिसतात, कधी गुंडाळी झालेले आणि वळवळणारे असतात. मोठी मादी पंधरा सेंटिमीटरहून लांब भरते. दोन दिवस शी पातळ होणे, थोडी मळमळ, एखादी उलटी हे चालते. उलट जंत दिसलेच नाहीत म्हणून औषध फुकट गेले असेही नाही. अंकुशकृमी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, दोऱ्याएवढे बारीक असतात आणि सहसा नजरेला पडत नाहीत.

पोट ढमाले, अंग मात्र हाडकुळे, अशा पिल्लात जंतांचा भार फार असतो आणि ते एकदम मेले किंवा सुटले तर त्यांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. अशा पिल्लाला पहिले औषध घरी न देता दवाखान्यात द्यावे.

आधी शी तपासून घेतली आणि जंत असतील तरच औषध दिले, तर ते जास्त शास्त्रीय नाही का?

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हा विचार योग्य आहे आणि उगाच औषधे देण्यापेक्षा तो चांगलाच. तान्ह्या पिल्लांना मात्र तो लागू पडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ती अंडी. जंत मोठा होऊन अंडी घालीपर्यंत तपासणी स्वच्छ येते. अंकुशकृमी तर अंडी दिसू लागण्याच्या आधीच रक्त पिऊन पिल्लाला मारू शकतात. चार महिन्यांनंतर तपासणीला खरा अर्थ येतो.

कोणत्या लक्षणांवर घरचे औषध बाजूला ठेवून थेट दवाखान्यात जावे?

पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी हवी. पांढुरकी किंवा राखाडी असेल, शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, पिल्लू आईच्या सडाला लागत नसेल, हाताला थंड लागत असेल, तर ते अंकुशकृमींमुळे रक्त गमावत असण्याची दाट शक्यता आहे. त्याला जंताच्या औषधाआधी ऊब, द्रव आणि प्रसंगी रक्त लागते. ही अवस्था दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही येते आणि काही तासांत जीव जातो. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर जंत समजून वेळ घालवू नये. तो पार्व्हो या विषाणूचा आजार असू शकतो.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कुत्र्यांवरही उपचार होतात. तेथे फक्त गुरे पाहतात, हा गैरसमज अजून बऱ्याच गावांत आहे.

आमची कुत्री केळीच्या बागेत व्याली आहे. तेथे जास्त धोका असतो का?

असतो, आणि रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या बागायतदारांनी तो ध्यानात घ्यावा. अंकुशकृमीच्या अळ्यांना सावली, ओल आणि ऊब लागते. कोरडवाहू शेतात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, काळी जमीन भेगाळते, आणि उघड्यावर पडलेल्या अळ्या वाळून मरतात. तो उन्हाळा या बाबतीत आपला मित्र आहे. केळीच्या बागेत मात्र भर मे महिन्यातही पानांखाली सावली आणि ठिबकच्या नळीखाली ओल असते. तेथे कुत्रीने रोज एकाच ठिकाणी शी केली तर अळ्या आठवडाभरात तयार होतात आणि त्या तोंडावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरतात. अनवाणी काम करणाऱ्या मजुरांच्या पायांवर लालसर, नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ उठते ती अनेकदा याच अळीमुळे.

व्यायलेल्या कुत्रीला बागेतून काढून गोठ्यालगत किंवा खळ्यावर, उंचवट्याच्या कोरड्या जागी, ऊन येईल अशा ठिकाणी आणावे. ती पिल्ले परत बागेत उचलून नेऊ नये यासाठी पाणी, खाणे आणि आडोसा तिला तेथेच मिळाला पाहिजे. खाली फरशी असेल तर उत्तम. नसेल तर गोणपाट रोज बदलून उन्हात टाकावे.

फिनेलने जागा धुतली तर जंताची अंडी मरतात का?

गोल जंतांच्या अंड्यांचे कवच इतके जाड आणि चिकट असते की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही, आणि मातीत ती वर्षानुवर्षे टिकतात. फिनेलचा वास आणि अंश तान्ह्या पिल्लांना उलट बाधतो. उकळते पाणी, खरवडून काढणे आणि कडक ऊन हे उपाय चालतात. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे शी रोजच्या रोज उचलून खोल पुरणे: ताजी अंडी संसर्गक्षम होण्यास दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे रोज उचललेली शी धोकादायक होण्याच्या आतच निघून जाते.

गुरांचे किंवा मेंढ्यांचे औषध थोडे कमी करून दिले तर चालेल का?

नाही. साक्री-नवापूर भागातले ठेलारी आणि धनगर बांधव कळपाला औषध पाजताना उरलेले घोटभर कुत्र्यालाही पाजतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्या दृष्टीने ते कुत्र्याची काळजीच घेत असतात. पण मेंढ्यांच्या औषधांत अल्बेंडाझोल असते, ज्याविषयी वर लिहिले आहे. काहींत क्लोसँटेल असते, ज्याच्या जास्त मात्रेने कुत्रा आंधळा होऊ शकतो. लेव्हामिसोलमध्ये उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी असते.

आयव्हरमेक्टिनचे गुरांसाठीचे इंजेक्शन हा तर वेगळाच विषय आहे. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, तर कुत्र्यांत हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी वापरली जाणारी मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग गुणिले सहा, एवढीच असते. एका थेंबाची चूक पिल्लाला महागात पडते. लहान पिल्लांत मेंदूला औषधांपासून वाचवणारा पडदा पुरता तयार नसतो, आणि कोली ही कुत्र्यांची जात व तिच्या जवळच्या जाती यांत जनुकीय दोषामुळे तो मोठेपणीही कच्चा असतो. अशा कुत्र्यांना या औषधाने झटके येतात, ती कोमात जातात. डॉक्टर काही आजारांत हे औषध वापरतात, म्हणून ते गोठ्यातल्या बाटलीतून आपण वापरावे असा अर्थ होत नाही.

लसूण, पपईच्या बिया, कडुनिंब, तंबाखूचे पाणी, रॉकेलचा बोळा?

लसूण आणि कांदा कुत्र्यांच्या लाल रक्तपेशी फोडतात. अंकुशकृमींनी आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला लसूण चारणे म्हणजे उरलेलेही घालवणे. तंबाखू व रॉकेल ही सरळ विषे आहेत. पपईच्या बिया आणि कडुनिंब यांच्या भरवशावर चौदावा दिवस घालवू नये.

पिल्लाच्या शेपटीखाली पांढरे, चपटे, हलणारे तुकडे दिसतात. नेहमीच्या औषधाने ते का गेले नाहीत?

हा चपटा जंत आहे, पिसवांतून येणारा. तो आईच्या गर्भातून किंवा दुधातून येत नाही. पिल्लू अंग चावताना जंताची अळी पोटात असलेली पिसू गिळते आणि त्यातून तो वाढतो. पायरँटेलचा त्यावर परिणाम नाही, त्याला प्राझिक्वँटेल लागते, किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅम. आणि पिसवा तशाच राहिल्या तर महिन्याभरात तो पुन्हा दिसतो, म्हणून आईच्या अंगावरच्या व अंथरुणातल्या पिसवांचा बंदोबस्त त्याच वेळी करावा. पिल्लांवर पिसवांची पावडर मारण्याआधी त्या वयाला ती चालते का हे विचारावे.

घरात लहान मुले आहेत, सून गरोदर आहे. पिल्ले ठेवावीत की नाही?

ठेवता येतात. माणसाला संसर्ग होतो तो मातीतील जुन्या अंड्यांमुळे. ती मुलाच्या हातावाटे तोंडात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जातात, व डोळ्यातल्या अळीने दृष्टी कायमची अधू होऊ शकते. पिल्लांना वेळेवर औषध, शी रोज उचलणे, अंगणात खेळून आल्यावर साबणाने हात धुणे आणि जेथे कुत्री शी करते तेथे मुलांना मातीत खेळू न देणे, एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो. शी उचलण्याचे काम गरोदर बाईने करू नये. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात अशा कच्च्या खायच्या भाज्या बांधावरून आणल्या असतील तर वाहत्या पाण्याखाली नीट धुवाव्यात.

मेंढपाळांसाठी एक वेगळी सूचना. मेंढी किंवा बोकड कापल्यावर काळीज, फुप्फुस कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत बंद करावी. त्यातील पाण्याच्या गाठींमधून एक अगदी छोटा चपटा जंत कुत्र्याच्या पोटात वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात मोठी गाठ होते, जिला शस्त्रक्रिया लागू शकते. कळपातल्या कुत्र्यांना प्राझिक्वँटेल दर चार ते सहा आठवड्यांनी द्यावे लागते, तीन महिन्यांनी देऊन भागत नाही.

गल्लीतली कुत्री व्याली आहे. तिला हात लावू देत नाही. काय करता येईल?

आईला भाकरीत किंवा अंड्यात गोळी लपवून देता येते. वजनाचा अंदाज डॉक्टरांना फोटो दाखवून घ्यावा. पिल्लांसाठी आई खायला दूर गेलेली वेळ साधावी, दोघांनी मिळून वजन आणि औषध पाच मिनिटांत आटोपावे, आणि पिल्ले जागची हलवू नयेत. पिल्लांचे दूध तुटले की तिच्या नसबंदीसाठी नगरपालिकेकडे किंवा जवळच्या प्राणिमित्र गटाकडे नोंद करावी.

जंताचे औषध आणि लस एकाच दिवशी चालते का?

निरोगी पिल्लाला चालते. अशक्त, जंतांनी पोखरलेल्या पिल्लात लस नीट लागत नाही, म्हणून बरेच डॉक्टर आधी औषध देऊन आठवड्याने लस टोचतात.

पिल्लू दुसऱ्याला देताना काय सांगावे, आणि घेताना काय विचारावे?

कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि जंतांच्या दृष्टीनेही ही मर्यादा सोयीची आहे, कारण तोपर्यंत पहिले चार डोस होऊन गेलेले असतात. देणाऱ्याने कागदावर जन्मतारीख, प्रत्येक डोसची तारीख, औषधाचे नाव, त्या दिवशीचे वजन आणि किती मिलिलिटर दिले हे लिहून द्यावे. ‘जंताचे झालेले आहे’ एवढे तोंडी सांगणे पुरेसे नाही. घेणाऱ्याने कागद नसेल तर काहीच झालेले नाही असे धरून चालावे, घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत वजन करून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे, आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी. पिल्लू मादी असेल तर हा कागद जपून ठेवावा. ती पहिल्यांदा गाभण राहील तेव्हा डॉक्टर तो मागतील.